मोनफ्राग्वेचं रान नक्की जगतं कशावर?

स्पेनच्या पश्चिमेला एक्स्त्रेमादुरा नावाचा प्रदेश आहे. तिथे ताहो नदीच्या काठावर साल्तो देल हितानो या ठिकाणी रस्त्याच्या कडेला गाडी लावली की समोरच्या काठावर पेन्या फाल्कोनचा उभा कडा दिसतो. ऊन चढेपर्यंत तिथे फारसं काही घडत नाही. ग्रिफन गिधाडं कपारींत मान आत ओढून बसलेली असतात. मग खडक तापतो, गरम हवा वर चढू लागते आणि एकेक गिधाड कड्यावरून स्वतःला खाली सोडून देतं. पंख न हलवता गिरक्या घेत ते वर येतं. थोड्याच वेळात डोक्यावर, समोर आणि कधी कधी तर आपल्या पायांच्याही खाली डझनावारी गिधाडं फिरत असतात. एखादं इतक्या जवळून जातं की पिसांतून सरकणाऱ्या हवेचा आवाज ऐकू येतो. गावाबाहेर मेलेल्या ढोरावर गिधाडांची झुंबड उडायची हे ज्यांनी लहानपणी पाहिलंय आणि मग ती गिधाडं एकाएकी नाहीशी झालेलीही पाहिली आहेत, त्यांना हे दृश्य पाहताना गहिवरून येणं साहजिक आहे.

हा कडा मोनफ्राग्वे राष्ट्रीय उद्यानात येतो. उद्यान तसं लहानच, साधारण १८४ चौरस किलोमीटरचं. ताहो आणि तिची उपनदी तिएतार यांचा संगम याच्या आतच आहे. १९७९ मध्ये या भागाला नैसर्गिक उद्यानाचा दर्जा मिळाला, २००३ मध्ये युनेस्कोने भोवतालच्या मोठ्या टापूसह तो जीवावरण राखीव क्षेत्रांत घेतला आणि २००७ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. कड्यांवरच्या ग्रिफन गिधाडांखेरीज इथल्या झाडांवर काळ्या गिधाडांच्या तीनशेहून अधिक जोड्या घरटी करतात. काळ्या गिधाडांच्या जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी ही एक. पंखांचा विस्तार तीन मीटरपर्यंत जाणारे हे पक्षी एवढ्याशा जागेत पोट कसं भरतात? मला या रानाची सर्वांत मोठी ओढ वाटते ती याच प्रश्नामुळे. कारण त्याचं निम्मं उत्तर रानाबाहेरच्या गोठ्यांत आणि कुरणांत आहे.

सुरुवात मात्र पावसापासून करायला हवी. आपल्या डोळ्यांसमोर जंगल येतं ते मोसमी पावसाचं. आपल्याकडे ऊब आणि पाणी एकाच वेळी मिळतं, म्हणून जूननंतर सगळं रान भराभर वाढतं. भूमध्य सागराभोवतीच्या प्रदेशात हे नेमकं उलट आहे. तिथे पाऊस थंडीच्या दिवसांत पडतो आणि जून ते सप्टेंबर, पारा चाळिशीला टेकलेला असताना, आभाळ कोरडं ठणठणीत असतं. झाडाला पाणी मिळतं तेव्हा ऊब नसते आणि ऊब मिळते तेव्हा पाणी नसतं. वाढायला उरतात वसंतातले काही आठवडे आणि पहिल्या पावसानंतरचे थोडे दिवस. आपला साग उन्हाळ्यात पानं गाळून मोकळा होतो, कारण पाऊस आला की उबदार हवेत नवी पानं काढायला त्याला वेळ लागत नाही. भूमध्य प्रदेशातल्या बहुतेक झाडांना दरवर्षी असा खर्च परवडत नाही. ती एकदा काढलेलं पान दोन-तीन वर्षंही वापरतात आणि त्यासाठी ते मजबूत बांधतात. इथल्या होल्म ओकचं पान बोटांत धरलं तर कण्हेरीच्या पानासारखं जाड आणि चिवट लागतं. (कण्हेरही भूमध्य प्रदेशातल्या कोरड्या ओढ्यांत आपोआप वाढते.) वरची बाजू मेणचट, कडा बऱ्याचदा काटेरी आणि खालून पांढुरकी लव. पानाची श्वास घेण्याची रंध्रं या लवेखाली दडलेली असतात, त्यामुळे उन्हाळी वाऱ्यात ओलावा कमी उडतो.

जगात असं हवामान फक्त पाच ठिकाणी आहे: भूमध्य सागराचा परिसर, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेचं केप टोक आणि ऑस्ट्रेलियाचा दक्षिण-पश्चिम भाग. जमीन जेमतेम दोन टक्के, पण जगातल्या वनस्पतींच्या प्रजातींपैकी सुमारे वीस टक्के या पाच तुकड्यांत सापडतात.

मोनफ्राग्वेत पाण्याचा हा हिशेब उघड्या डोळ्यांनी वाचता येतो. इथल्या डोंगररांगा साधारण पूर्व-पश्चिम पसरल्या आहेत, त्यामुळे प्रत्येक रांगेला एक उन्हाची बाजू आणि एक सावलीची बाजू असते. दक्षिणेकडच्या उतारावर रानटी ऑलिव्ह, होल्म ओक आणि खुरटी झुडपं दिसतात. दगड उघडे, माती विरळ. तीच रांग ओलांडून उत्तरेच्या उतारावर उतरलं की हवा गार लागते, पायाखाली पालापाचोळा येतो, कॉर्क ओकची दाटी होते आणि मध्येच माद्रोन्यो हे झाड भेटतं. माद्रोन्योचं फळ पिकायला वर्ष लागतं, त्यामुळे शरदात एकाच फांदीवर यंदाची फुलं आणि गेल्या वर्षीच्या फुलांची लालबुंद फळं एकत्र पाहायला मिळतात. उद्यानाला भेट देणाऱ्याने अगदी एकच पायवाट चालायची ठरवली तर मी डोंगरावरच्या जुन्या किल्ल्याकडे जाणारी सुचवेन. वर पोहोचल्यावर दोन्ही उतार एकाच वेळी दिसतात.

उन्हाच्या बाजूला सगळीकडे पसरलेलं झुडूप म्हणजे हारा. पांढऱ्या, चुरगळलेल्या कागदागत पाकळ्यांवर गडद किरमिजी ठिपके, आणि पानांवर चिकट राळ. दुपारच्या उन्हात तिचा उग्र गोडसर वास सगळ्या वाटेवर भरून राहतो आणि कपडे घासले गेले तर घरापर्यंत सोबत येतो. हारा वणव्यात सहज पेटते आणि झुडूप जळूनही जातं, पण मातीत पडलेल्या तिच्या बियांचं टणक कवच त्या धगीने तडकतं आणि पुढच्या पावसात शेकड्यांनी रोपं उगवतात. होल्म ओक जळला तर बुंध्यापासून पुन्हा फुटतो. कॉर्क ओकची गंमत आणखी वेगळी: जाड सालीमुळे आतला जिवंत भाग शाबूत राहतो आणि थेट वरच्या फांद्यांना पालवी येते.

ही साल म्हणजेच बाटलीचं बूच. या रानाचा माणसाशी असलेला व्यवहार तिच्यापासून समजून घेता येतो. साल काढण्याचं काम उन्हाळ्याच्या सुरुवातीला चालतं, कारण तेव्हा सालीखालचा थर वाढत असतो आणि साल सुटायला तयार असते. कामगार कुऱ्हाडीने उभी चीर पाडतो, मग कुऱ्हाडीच्या दांड्याचं पाचरीसारखं तासलेलं टोक आत घालून फळीच्या फळी अलगद सोलून काढतो. घाव एका केसाने जरी जास्त खोल गेला तरी आतला जिवंत थर जखमी होतो आणि तिथे पुन्हा चांगली साल धरत नाही. सोललेलं खोड आधी तांबूस-नारिंगी दिसतं, मग वर्षागणिक काळवंडत जातं. पुढची साल काढायला नऊ-दहा वर्षं थांबावं लागतं. पहिली साल निघते ती झाड पंचवीस-तीस वर्षांचं झाल्यावर, आणि बुचाच्या लायकीची साल मिळते ती त्याने चाळिशी ओलांडल्यावर. म्हणजे जो लावतो त्याच्या हाती फारसं काही लागत नाही, लागतं ते त्याच्या मुलांच्या. झाड तोडायचं नसून जपायचं असतं, कारण उत्पन्न जिवंत झाडातूनच मिळतं.

उद्यानाच्या भोवती मैलोन्मैल पसरलेली शेतकऱ्यांची जमीनही अशीच आहे. तिला देएसा म्हणतात. कित्येक पिढ्यांनी मूळचं दाट रान विरळ करत आणून ओकची निवडक झाडं ठेवली आणि खाली गवत वाढू दिलं. त्या गवतावर गाई-मेंढ्या चरतात. साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी ओकची फळं पडतात तेव्हा काळ्या आयबेरियन डुकरांना तिथे मोकळं सोडतात, आणि त्या फळांवर पोसलेल्या डुकराच्या मांसाला मोठा भाव येतो. त्याच फळांसाठी उत्तर युरोपातून क्रौंच येतात. एक्स्त्रेमादुरात हिवाळ्याला लाखाहून जास्त क्रौंच उतरतात. देएसाला जंगल म्हणावं की शेत, असा वाद घालण्यात अर्थ नाही. तिथे चरणारी गुरं, पिकणारी फळं आणि घरटी करणारे पक्षी यांना एकमेकांपासून वेगळं काढताच येत नाही.

हे सगळं किती सहज संपलं असतं ते १९७० च्या दशकात दिसलं. त्याआधीच ताहो आणि तिएतारवर धरणं बांधली गेली होती, त्यामुळे मोनफ्राग्वेत आज जे पाणी दिसतं ते वाहत्या नदीचं नसून जलाशयाचं आहे आणि काठावरचं जुनं झाडझाडोरं त्याखाली गेलं आहे. त्यानंतर कागदाच्या लगद्यासाठी निलगिरी लावण्याची मोहीम आली. बुलडोझरने ओक आणि झुडपं उपटली, डोंगराला पायऱ्या पाडल्या आणि त्यांवर निलगिरीच्या रांगा उभ्या केल्या. आपल्याकडे सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली निलगिरी कशी लावली गेली ते पाहिलेल्यांना पुढचं सांगायला नको: खाली गवत नाही, फुलावर येणारे किडे नाहीत, ओकची फळं नाहीत, घरट्यासाठी आडव्या फांद्याही नाहीत. हेसूस गार्सोन या निसर्गप्रेमीने आणि त्याच्या सोबत्यांनी याविरुद्ध रान उठवलं, आणि १९७९ चं संरक्षण त्यातूनच मिळालं. पुढे उद्यानातली निलगिरी कापून काढण्यात आली आणि त्या जागी मूळची झाडी परत आणण्याचं काम हाती घेतलं गेलं. काही उतारांवर त्या पायऱ्यांच्या खुणा अजूनही दिसतात.

आता सशाकडे येऊ. आपल्या माळरानावरचा ससा बीळ करत नाही, गवतात खोलगट जागा करून बसतो. स्पेनचा ससा वेगळा. तो कळपाने बिळांत राहतो आणि मूळचा याच द्वीपकल्पातला आहे. जगभर पाळले जाणारे ससे त्याचेच वंशज. तीसहून अधिक प्रकारचे शिकारी त्याच्यावर कमीअधिक अवलंबून आहेत, आणि त्यातले दोघे तर जवळजवळ पूर्णपणे: स्पॅनिश शाही गरुड आणि आयबेरियन लिंक्स नावाचं रानमांजर. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये एका डॉक्टरने आपल्या मळ्यातले ससे मारण्यासाठी मिक्सोमॅटोसिसचा विषाणू मुद्दाम सोडला. विषाणू कुंपणात थांबला नाही. वर्षभरात तो स्पेनला पोहोचला आणि सशांची प्रचंड संख्या मेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सशांचा दुसरा आजार आला, ज्यात शरीराच्या आत रक्तस्राव होतो. २०११ च्या सुमारास त्याचाच नवा प्रकार आला आणि तो पिल्लांनाही मारू लागला. ससे गेले तशी लिंक्सही गेली. २००२ च्या सुमारास सगळ्या जगात तिची संख्या शंभराच्याही खाली होती. पिंजऱ्यात प्रजनन करून आणि ससे असलेल्या जागा शोधून तिला पुन्हा सोडण्यात आलं. एक्स्त्रेमादुरात हे काम २०१४ मध्ये सुरू झालं. आता लिंक्सची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली आहे आणि २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिला ‘संकटग्रस्त’ यादीतून काढून एक पायरी कमी धोक्याच्या यादीत आणलं. शाही गरुडाचंही तसंच. १९७० च्या दशकात सुमारे चाळीस जोड्या उरल्या होत्या, आज स्पेन आणि पोर्तुगाल मिळून आठशेच्या वर आहेत. मोनफ्राग्वेत तिएतारच्या काठच्या कड्यांसमोर थांबलं तर खांद्यावर पांढरी पट्टी असलेला हा गरुड दिसण्याची चांगली शक्यता असते.

काळं गिधाडही पूर्वी मेलेल्या सशांवर बऱ्यापैकी जगायचं. ससे आटल्यावर त्याचा भार मेलेल्या मेंढ्या-गुरांवर पडला, आणि इथून गोष्ट पुन्हा गोठ्यात शिरते.

तीन प्रकारची गिधाडं एकाच ढोरावर कशी जेवतात ते पाहण्यासारखं असतं. ग्रिफन थव्याने येतात. त्यांच्या लांब मानेवर नुसती आखूड मऊ लव असते, ती मान ते ढोराच्या पोटात खांद्यापर्यंत घालतात आणि मऊ भाग खाऊन टाकतात. काळं गिधाड एकटंदुकटं येतं. त्याची चोच जाडजूड आणि बळकट, कातडं आणि स्नायूंच्या दोऱ्या ओढून तोडण्याच्या कामाची. ते आलं की ग्रिफन बाजूला सरकतात. आणि कडेकडेने फिरत असतं पांढरं गिधाड, पिवळ्या चेहऱ्याचं, आकाराने लहान, उरलेल्या चिंध्या टिपणारं. हे तिसरं आपल्या ओळखीचं आहे, महाराष्ट्रातही तीच प्रजाती दिसते. स्पेनची पांढरी गिधाडं मात्र हिवाळ्यात सहारा ओलांडून आफ्रिकेत जातात.

स्पेनच्या गावागावांत मेलेली जनावरं टाकायच्या ठरलेल्या जागा होत्या. शेतकरी ढोर तिथे नेऊन टाकायचा, गिधाडं काही तासांत ते साफ करायची. मग मॅड काऊ या गुरांच्या, पण माणसालाही होऊ शकणाऱ्या मेंदूच्या रोगाची साथ आली, आणि २००२ मध्ये युरोपीय संघाने नियम केला की मेलेली गुरं उघड्यावर ठेवायची नाहीत, गोळा करून नष्ट करायची. माणसांच्या काळजीपोटी केलेला नियम होता, चुकीच्या हेतूने केलेला नव्हता. पण गिधाडांचं ताट त्याने काढून घेतलं. उपाशी ग्रिफन लांब लांब भटकू लागली, अशक्त पक्षी सापडू लागले. शास्त्रज्ञ आणि पक्षीमित्रांनी बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर २०११ मध्ये नियम सैल झाले आणि ठरावीक क्षेत्रांत मोकळ्या कुरणावरची ढोरं पुन्हा गिधाडांसाठी सोडता येऊ लागली. या काळात मोनफ्राग्वेचं संरक्षण कमी झालं नव्हतं, उलट वाढलंच होतं.  निर्णय ब्रसेल्सला झाला होता आणि परिणाम कड्यावर दिसत होता.

यापुढची गोष्ट आपण फार जवळून भोगली आहे. भारतात १९९० च्या दशकात गिधाडं मरू लागली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या तर पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण सापडलं ते २००४ मध्ये, शेजारच्या पाकिस्तानात झालेल्या अभ्यासातून: डायक्लोफिनॅक. दुखण्यावर, सुजेवर गुरांना देतात ते औषध. औषध दिलेलं जनावर लगेच मेलं तर ते त्याच्या मांसात राहतं, गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याचं मूत्रपिंड निकामी करतं. युरिक आम्ल शरीराबाहेर पडेनासं होतं, त्याचे पांढरे कण हृदयावर, यकृतावर जमतात आणि पक्षी काही दिवसांत मरतो. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आणली. त्याच कामाला मेलॉक्सिकॅम हे औषध चालतं आणि गिधाडांना ते घातक नाही.

हे सगळं जगजाहीर झाल्यावर, २०१३ मध्ये, स्पेनने डायक्लोफिनॅकला गुरांसाठी परवानगी दिली. युरोपातल्या बहुसंख्य गिधाडांचं घर असलेल्या देशाने असं करावं याचा मला आजही राग येतो. तिथे मेलेल्या जनावरांची नोंद आणि विल्हेवाट जास्त काटेकोर आहे, म्हणून धोका नाही, असा युक्तिवाद होता. २०२० मध्ये स्पेनच्याच कातालोनियात काळ्या गिधाडाचं एक पिल्लू मेलेलं सापडलं, आणि तपासणीत डायक्लोफिनॅकचाच पुरावा मिळाला. काळं गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि ते पिल्लू उडेपर्यंत आई-बापांची निम्म्याहून जास्त वर्षाची मेहनत लागते. विषाने संपवलेली पिढी पुन्हा उभी करायला अशा पक्ष्याला किती काळ लागेल याचा अंदाज यावरून यावा. स्पेनमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या जेमतेम दोनशे जोड्या होत्या. विषारी आमिषं आणि शिकारी पक्ष्यांना मारल्याबद्दलची सरकारी बक्षिसं थांबली, घरट्यांच्या जागा राखल्या गेल्या, तेव्हा कुठे आता तो आकडा अडीच हजारांवर गेला आहे.

बाकीच्या पाहुण्यांबद्दल थोडक्यात. कड्याच्या खालच्या कपारींत काळा करकोचा घरटं करतो, पाण्याजवळ पाणमांजर असतं, आणि सप्टेंबरच्या संध्याकाळी लाल हरणांचे नर माद्यांसाठी ओरडतात तेव्हा दरी दणाणते. झाडाझाडांतून टोळीने फिरणारा निळ्या पंखांचा मॅगपाय मात्र जरा थांबून पाहावा. त्याचे जवळचे भाऊबंद थेट चीन-जपानकडे राहतात, मध्ये कुठेच नाहीत. पोर्तुगीज खलाशांनी पूर्वेकडून आणून सोडले असतील असं बराच काळ मानलं जाई. पण जिब्राल्टरच्या गुहेत त्याची हजारो वर्षांपूर्वीची हाडं मिळाली आणि जनुकांनीही दाखवलं की दोन्ही शाखा लाखो वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्या आहेत. हा पक्षी इथलाच आहे.

आज देएसाला सर्वांत मोठी काळजी आहे ती ‘सेका’ची. ओकची झाडं आधी शेंड्याकडून सुकतात, मग दोन-चार वर्षांत, कधी एकाच हंगामात, उभी मरतात. यामागे दुष्काळ आहे, झाडांचं वय आहे, पण मुख्य गुन्हेगारांपैकी एक म्हणजे मातीतला फायटोफ्थोरा सिनामोमी हा बुरशीसारखा सूक्ष्मजीव. तो बारीक मुळं कुजवतो. ओल्या मातीत त्याचे बीजाणू चक्क पोहत पुढच्या मुळापर्यंत जातात. झाडाला पाणी कमी पडतं ते जमीन कोरडी असते म्हणून नव्हे, तर पाणी ओढणारी मुळंच उरत नाहीत म्हणून. त्यातच चरणारी गुरं ओकची रोपं खाऊन टाकतात, त्यामुळे म्हाताऱ्या झाडांची जागा घ्यायला तरुण झाडं कमी. काही शेतकरी आता रोपांभोवती जाळ्या लावतात, काही कुरणाचे तुकडे काही वर्षं गुरांना बंद ठेवतात. बुचाऐवजी प्लास्टिक आणि धातूची झाकणं आली की सालीचा भाव पडतो, आणि भाव पडला की एवढी मेहनत कोण करणार हा प्रश्न उभा राहतो.

जायचं असेल तर मार्च ते मे हा काळ उत्तम. तेव्हा हारा फुललेली असते, पांढरी गिधाडं आफ्रिकेतून परतलेली असतात आणि ऊन सोसवतं. उद्यानाचं माहिती केंद्र विय्यारेआल दे सान कार्लोस या चिमुकल्या गावात आहे आणि पायवाटा तिथूनच निघतात. जीप सफारीची गरज नाही. गिधाडं रस्त्यावरून दिसतात, फक्त सकाळी घाई करू नये, ऊन कड्यावर यायची वाट पाहावी. घरट्यांच्या भागात पायवाट सोडून जायला मनाई आहे आणि ती पाळलीच पाहिजे, कारण माणसाला पाहून काळं गिधाड घरट्यावरून उठलं तर अंडं थंड पडतं किंवा डोमकावळे ते पळवतात. आणि एका देएसातून दुसऱ्या देएसात जाण्याआधी बुटांच्या तळव्यांचा चिखल खरवडून, धुऊन, वाळवून घ्यावा. सेकाचे बीजाणू त्या चिखलातूनच पुढे जातात, गाडीच्या टायरांनाही तोच नियम.